पावतीवरचं काळीज

माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला ऐकू येत नव्हतं. तिच्या ऑपरेशनसाठी समाजात वर्गणी काढली, तेव्हा पावतीवर मी 'हृदयाच्या ऑपरेशनकरिता' असं छापून घेतलं. हे आधीच सांगून टाकतो. शेवटासाठी राखून ठेवलं, तर तिथवर पोचेपर्यंत मी तिखटमीठ लावून स्वतःची बाजू भक्कम करीन. तेवढा मी स्वतःला ओळखतो.

मी हिलाल महाजन. गाव पारोळ्याजवळचं, पण सुरतेत येऊन तीस वर्षं झाली. कडोदऱ्याला एका खात्यात मास्तर, म्हणजे कारागिरांवरचा मुकादम आहे. यंत्रमागांच्या शेडला इकडे खातं म्हणतात. खाली अठ्ठेचाळीस लूम, वरच्या मजल्यावर शेठने दिलेल्या तीन खोल्या. त्यात मी, बायको सरला आणि मुलगी सोनाली. शिवाय भाऊ कुंदन, त्याची बायको धनश्री आणि त्यांची रुत्वी. वडील गेले तेव्हा कुंदन नऊ वर्षांचा होता. त्याला इथं आणला, शिकवला, लूमवर उभा केला, त्याचं लग्न लावून दिलं. त्यामुळे घरात माझा शब्द शेवटचा. इथल्या खानदेशी समाजाच्या मंडळातही तेच. कुणाची सोयरीक मोडायला आली, मयतीला गाडी हवी झाली, आमच्या कानबाई देवीच्या उत्सवाला मांडव घालायचा झाला, की हिलालभाऊला बोलवा. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू!

खात्यात बारा-बारा तास राबणारी माणसं तोंडाने बोलत नाहीत. त्या खडखडाटात बोलून उपयोगच नसतो. अंगठा ओठाला लावला की पाणी, दोन बोटं कातरली की तार, म्हणजे धागा, तुटला, पंजा खाली दाबला की थांब, आणि मुठीने कपाळ ठोकलं की शेठ आला. हीच भाषा आम्ही जिना चढून घरात आणली होती. जेवताना भाजी मागायची तरी हातानेच. रुत्वी या खुणांत वाढली. पाणी मागायची, थांब म्हटलं की थांबायची, सोनालीने माझ्याकडे बघून कपाळ ठोकलं की खिदळायची. वीज गेली आणि खालचे लूम एकदम बंद पडले की दचकून इकडेतिकडे बघायची. आम्ही म्हणायचो, पोरीचे कान काय तिखट आहेत! आवाजाचा तिला पत्ताच नव्हता, पायाखालची फरशी थरथरायची थांबली म्हणून ती दचकत होती. ती बोलत नाही, याची काळजी करणाऱ्या धनश्रीला मी दटावायचो. कुंदनही उशिराच बोलला होता, असं सांगायचो.

मे महिन्यात धनश्री माहेरी गेली, शिरपूरकडे. तिथं ना लूम ना खुणा. तिसऱ्याच दिवशी तिच्या आईने पोरीच्या पाठीमागे पितळेचं ताट आपटलं, तर पोर ढिम्म हलली नाही. धनश्री दुसऱ्या दिवशी परत आली आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "दादा, मनी पोरले काहीच ऐकाले येत नही."

"तुन्ही मायले तरी येस का ऐकाले?" मी म्हणालो. सगळे हसले. धनश्री हसली नाही.

तपासण्या झाल्या. दोन्ही कान जन्मापासून बंद. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की कानाच्या आत एक यंत्र बसवायचं, बाहेरून दुसरं लावायचं, मग मुलीला ऐकू येईल आणि शिकवलं तर ती बोलेल. पण ती पावणेतीन वर्षांची आहे, म्हणजे उशीर आधीच झालाय. भाषा शिकायचं वय निसटून जातं. यापुढे एकेक महिना मोलाचा, असं ते दोनदा म्हणाले. मी ते दोन्ही वेळा ऐकलं. हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर मी कुंदनला म्हणालो होतो की डॉक्टर लोक घाबरवतातच.

सरकारी योजनेत आमचे कागद बसेनात. रेशनकार्ड गावचं, पोरीचा जन्मदाखला इथला. गावच्या कार्डातली नावं कमी करायची नाहीत, हा हट्टही माझाच होता. खर्च तर आमच्या आवाक्याच्या पार बाहेर. मी म्हणालो, काळजी नको, समाज कशाला आहे? कानबाईच्या उत्सवात वर्गणी काढू. श्रावणात त्या रविवारी झाडून सगळी खानदेशी माणसं एका मांडवात येतात. मी उभा राहिलो तर कुणी हात आखडता घेणार नाही, याची मला खात्री होती.

पावतीपुस्तकाचा मजकूर लिहायला बसलो आणि माझा हात अडला.

त्याच महिन्यात सोनालीच्या सोयरिकीची बोलणी चालू होती. मुलगा चेतन, इच्छापोरला एका कारखान्यात फिटर, घरचे आमच्याच भागातले. आणि आमच्या घरात आधीच एक होती. माझी थोरली बहीण, जन्माची बहिरी. पाहुणे आले की आई तिला शेताकडे धाडायची. माझ्या लग्नाची बोलणी झाली तेव्हाही ती शेतातच होती, सरलाला ती आहे हे लग्नानंतर कळलं. बत्तिसाव्या वर्षी ती गेली. आता सोनालीची आत्या बहिरी, काकाची मुलगी बहिरी, असं चेतनच्या घरी कळलं की ते काय म्हणतील? उद्या सोनालीची पोरं कशी निघतील, हेच ना? मी असतो तर मी तेच म्हणालो असतो. जगातली सगळी माणसं माझ्यासारखीच असतात, असं मला तेव्हा वाटायचं.

"काळीजनं ऑपरेशन लिखू," मी म्हणालो. "काळीज नीट व्हस आनि लोके इसरी जातस. बहिरी म्हनीसन एकदाव नाव पडनं ते जनमभर पुसास नही. रुत्वीना बी लगीनना सवाल शे."

"पन दादा, फाइलमा ते कान लिखेल शे," कुंदन म्हणाला.

"फाइल कोन दखस?"

धनश्रीने माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तो मान खाली घालून बसला होता. रुत्वीच्या लग्नाचं नाव मी पुढे केलं, पण माझ्या डोक्यात फक्त सोनाली होती. सरलाला ते कळलं. ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसली.

कानबाईचा रविवार झोकात झाला. रुत्वीला नवा फ्रॉक, दोन वेण्या. मी माइकवर बोललो. मी बोलायला उभा राहिलो की बायका पदर डोळ्याला लावतात, असं मला नेहमी सांगितलं जातं, आणि त्या दिवशी खरंच लावले. माणसांनी खिशात हात घातले. खात्यातल्या कारागिरांनी उचल घेऊन पैसे दिले. म्हाताऱ्या बाया रांगेने पुढे येऊन पोरीच्या छातीवर हात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "माय कानबाई, हाई पोरनं काळीज नीट कर व." रुत्वी एकेकीच्या हाताकडे बघत हसत होती. तिच्या छातीत तर सगळं ठणठणीत होतं. मी बाजूला उभा राहून हात जोडत होतो. माणसांशी खोटं बोललो ते बोललो, देवीलाही चुकीचा पत्ता दिला.

पुढच्या आठवड्यात बन्सीलाल शेठ आमच्या घरी आले. मूळचे अमळनेरचे, साड्यांचे घाऊक व्यापारी, मंडळाचे आधारस्तंभ. एवढा मोठा माणूस आमचा जिना चढून वर आला म्हणून मी हरखलो. खुर्चीत बसताच ते म्हणाले, "हिलालभाऊ, खुशखबर शे. माझ्या ओळखीचं हॉस्पिटल आहे, ट्रस्टचं. लहान पोरांचं दिलचं ऑपरेशन तिथं मफत होतं. एक पैसा नही. मी बोलून ठेवलंय. सोमवारी फाइल घेऊन ये फक्त. आणि जमलेले पैसे दुसऱ्या कुणाच्या कामाला येतील."

चहाचा कप माझ्या हातात होता. त्याच क्षणी खरं बोललो असतो तर? शेठ रागावले असते, चार शिव्या दिल्या असत्या, आणि मग कदाचित कानाचंही काहीतरी करून दिलं असतं. माणूस भला होता. दारात धनश्री उभी होती आणि तिचे डोळे मला सांगत होते, बोला, आता तरी बोला.

"फारच उपकार झाले, शेठ," मी म्हणालो.

त्या सोमवारी रुत्वीला ताप आला, असं मी कळवलं. पुढच्या सोमवारी आमचे डॉक्टर गावाला गेले. मग पितृपक्ष लागला, त्यात ऑपरेशन कसं करायचं? मग दिवाळी, सगळं सुरत गावाकडे रिकामं होतं. दिवाळीनंतर सोनालीचा साखरपुडा ठरला. आता एवढं होऊ दे, मी कुंदनला म्हणालो, लग्न पार पडलं की मी स्वतः शेठच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगतो. लग्नाची तारीख निघाली वैशाखातली. जमलेले पैसे बँकेत पडून होते. त्यांना हात लावला तर पावती, बिल, फाइल सगळं दाखवावं लागणार होतं. दरम्यान रुत्वीला तीन पूर्ण झाली. धनश्रीने केक आणला होता. आम्ही सगळ्यांनी तोंडं हलवून गाणं म्हटलं. पोर आमच्या तोंडांकडे बघून टाळ्या पिटत होती, आणि धनश्री मध्येच उठून आत गेली.

तिने मला एकदाच विचारलं. गच्चीवर कपडे वाळत घालत होती. "दादा, सोनालीताईनं लगीन व्हई जाई. मनी पोरना गयेल महिना कोन दी?"

मी भडकलो. मोठ्यांशी कसं बोलावं हे माहेरी शिकवलं नाही का, असं काहीतरी म्हणालो. आवाज एवढा चढवला की शेजारच्या गच्चीवरच्या बाया बघायला लागल्या. उत्तर नसलं की मी आवाज चढवतो, ही माझी जुनी खोड आहे.

सोनालीचं लग्न थाटात झालं. मांडव, बँड, जेवणात दोन गोड पदार्थ. मंगळवारी मी खात्यात गेलो, तर चहाच्या टपरीवर लोटू उभा होता. माझ्याच हाताखालचा कारागीर, त्याने स्वतः उचल घेऊन वर्गणी दिली होती. चारचौघांत तो म्हणाला, "मास्तर, ते काळीजना पैसा मांडवले लागनात का?"

कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं. म्हणजे सगळ्यांच्या मनात तेच होतं. लग्नाला मी त्यातला एक रुपया वापरला नव्हता. माझ्या नावाला असा डाग? मी पेटलो. त्याच आठवड्यात बँकेतून पैसे काढले, पावतीपुस्तक काढलं, आणि घरोघरी जाऊन ज्याचे त्याला परत केले. प्रत्येकाकडून सही घेतली. बन्सीलाल शेठना निरोप धाडला की पोरीचं औषधावर भागलं. आठ दिवस लागले. शेवटची सही झाली तेव्हा मला फार हलकं वाटलं. पोरीचा कान विकून मी माझं नाव सोडवून आणलं होतं, आणि मला हलकं वाटत होतं.

घरी आलो तर सोनाली माहेरपणाला आलेली. धनश्री कोपऱ्यात बसून होती. कुंदन कपाटातून कपडे काढत होता.

"पप्पा, तुम्ही पैसे परत करून टाकले?" सोनालीने विचारलं.

मी ताठ्यात म्हणालो, "हिलाल महाजननी कोनले बोट दाखाडाले जागा ठेयी नही. तुन्हा सासरना लोकेस्ले बी आते काही समजाव नही."

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "काय समजाव नही? चेतनला पहिल्या दिवसापासून खबर आहे. मीच फोनवर सांगितलेलं. त्याच्या मम्मी-पप्पांना पण माहीत आहे."

"काय म्हनना तो?"

"म्हनना, मंग काय व्हयनं? तू इतली बोलस की मीच बहिरा व्हई जासू." हे सांगताना तिला हसू आलं, आणि लगेच रडू आलं. "तुम्हाला कसं सांगणार? साखरपुड्याआधी मुलाशी फोनवर बोलते म्हटल्यावर तुम्ही फोन फोडला असता, लग्न मोडलं असतं. आणि तुम्हीच म्हणायचे, रुतूचं सगळं सेटिंग झालंय, डॉक्टर तारीख देतायत. मला काय माहीत तुम्ही कुणासाठी थांबलाय ते?"

ती खोटं बोलत नव्हती. फोन मी फोडलाच असता. माझ्या रागाच्या धाकाने घरातलं खरं माझ्यापासून लपून बसलं होतं, आणि मी एका मुलीची भाषा अशा माणसांच्या भीतीपायी रोखून धरली होती, ज्यांना तिच्याबद्दल सगळं ठाऊक होतं आणि ज्यांचं काही म्हणणं नव्हतं.

कुंदनने बॅग बंद केली. इतक्या वर्षांत त्याने मला उलट उत्तर दिलं नव्हतं, तेव्हाही दिलं नाही. फाइल धनश्रीच्या हातात दिली, पोरीला कडेवर घेतलं, माझ्या पाया पडला आणि जिना उतरून गेला. पाया पडला नसता तर बरं झालं असतं.

पुढचं मला सोनालीकडून कळत गेलं. त्यांनी चलथाणला खोली घेतली. कुंदनने लूम सोडले, टेम्पो चालवायला लागला, कारण अशा पोरीला शांत घर लागतं. मग त्याने फोनवर एक व्हिडिओ काढला. रुत्वी खेळत बसलीय, मागून धनश्री तिच्या नावाने हाका मारतेय, आणि पोर वळत नाही. खाली रुत्वीचं पूर्ण नाव, आडनाव, आणि साध्या शब्दांत काय झालंय ते. मी ज्याला बदनामी समजत होतो, ते सगळं त्यात होतं. खानदेशी, मराठवाड्याचे, विदर्भातले, ओडिशाचे कारागीर, कुणीकुणी तो पुढे पाठवला. बन्सीलाल शेठनी एक शब्द न विचारता मोठा भार उचलला. लोटूनेही दिले. मला दीड महिन्यात जमलं आणि आठ दिवसांत मी घालवलं, ते त्याला अकरा दिवसांत जमलं. ऑपरेशन झालं तेव्हा रुत्वीला चार पूर्ण व्हायला काहीच महिने उरले होते. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आता बोलेल, पण हळू, आणि मेहनत दुप्पट. गेलेलं वर्ष कुठूनही भरून आणता येत नाही, असंही त्या म्हणाल्या. हे सोनालीने मला सांगायला नको होतं. पण बरं झालं सांगितलं.

कडोदऱ्याहून चलथाण म्हणजे शेअर रिक्षाने दहा मिनिटं. मला तिथं पोचायला दीड वर्ष लागलं.

एका रविवारी सकाळी गेलो. सरलाने लाडवांचा डबा दिला, स्वतः आली नाही. वाटेत मी शब्द जुळवत होतो. माफी मागायची सवय नसली की वाक्य तयार होत नाही. दार लोटलेलं होतं. मी कडी वाजवली.

आतून आवाज आला, "कोन?"

जाड, घोगरा, जरा नाकातला आवाज. मला वाटलं शेजारचं कुणी असेल. पुन्हा आलं, "कोन?" आणि मग मला कळलं, ही रुत्वी आहे. सव्वापाच वर्षांची झाली होती ती, आणि तिच्या तोंडून मी ऐकलेला हा पहिला शब्द.

"मी," एवढंच म्हणता आलं.

धनश्रीने दार उघडलं. "या दादा," म्हणाली, पाणी दिलं, खुर्ची पुसली. कुंदन भाडं घेऊन बाहेर गेला होता. रुत्वी उंच झाली होती. कानामागे यंत्र, त्यावर गुलाबी रिबन. भिंतीभर पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवलेले, एकेकावर चित्र आणि शब्द. पाणी, पोळी, बस, मांजर. एका रांगेत माणसांचे फोटो: आई, पप्पा, सोनाताई, जिजू, दूधवाला काका. मी ती रांग दोनदा वाचली.

धनश्रीला ते दिसलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. "बाई सांगतस, जे मानसं रोज दिसतस तेस्नं नाव पहिले शिकाडा. नहीते शब्द टिकत नही."

"बराबर शे," मी म्हणालो.

आमच्याकडे भावाची पोरं थोरल्या काकाला मोठे पप्पा म्हणतात. ही पोर माझ्या घरात जन्मली, माझ्या खांद्यावर बसून कानबाईच्या मिरवणुकीत फिरली. ती एक दिवस मला मोठे पप्पा म्हणेल, ही हौस मी कुणाला बोलून दाखवली नव्हती.

रुत्वीने माझ्याकडे बोट केलं आणि आईला विचारलं, "कोन?" त्या आठवड्याचा तिचा धडाच तो होता. धनश्रीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन म्हणून थोडं थांबली. वाटेत जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. मग ती पोरीसमोर खाली बसली, तिला आपले ओठ दिसतील असं तोंड केलं आणि सावकाश म्हणाली, "का-का."

रुत्वीने भिंतीवरच्या दूधवाल्याच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला पटलं. "काका!" ती म्हणाली. शब्द अगदी स्पष्ट होता. धनश्रीने टाळ्या वाजवल्या, आणि मीही वाजवल्या.